पाण्याचा भार आणि केसभर भेग

द्रवांच्या दाबाचे प्रकरण वर्गात आरंभिताना मी विद्यार्थ्यांस एक प्रश्न हटकून विचारतो. दोन भिंती आहेत अशी कल्पना करा. दोहोंची लांबी सारखी, उंची सारखी, आणि दोहोंच्या एका अंगास काठोकाठ पाणी. पहिलीच्या मागे क्षितिजापर्यंत पसरलेला समुद्र आहे. दुसरीच्या मागे वीतभर अंतरावर तिसरी एक भिंत असून मधल्या फटीत तेवढेच पाणी साठले आहे. लाटा आणि भरती-ओहोटी सोडून द्या, समुद्राचे पाणी गोडे आहे असेही क्षणभर धरा. आता कोणत्या भिंतीवर भार अधिक? बहुतेक हात समुद्राच्या बाजूने वर होतात. दोन-चार चाणाक्ष मुले, प्रश्नात काही तरी खोच असली पाहिजे एवढ्याच तर्काने, गप्प बसतात. उत्तर असे की, दोन्ही भिंतींवरील भार तंतोतंत सारखा असतो. भिंतीस मागे किती पाणी आहे याच्याशी कर्तव्य नाही. ते किती खोल आहे एवढेच ती जाणते.

हे उत्तर ऐकून मुले वहीत सूत्र उतरवून घेतात आणि प्रकरण संपते. परीक्षेत त्यावर एक उदाहरण येते, तेही बहुतेकांस सुटते. परंतु या दोन ओळींच्या सूत्रामागे तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या अखेरीस, सूत्र पाठ असलेल्या शहाण्या माणसांच्या हातून एक धरण फुटून ऐंशीहून अधिक माणसे बुडाली आहेत. ते कसे घडले हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

द्रवस्थितिशास्त्राचा आरंभ आर्किमिडीजपासून करण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात त्याने तरंगणाऱ्या पदार्थांवर जो ग्रंथ लिहिला त्यास तोड नाही. परंतु त्याचे लक्ष तरंगणाऱ्या वस्तूकडे होते, पाणी अडविणाऱ्या भिंतीकडे नव्हते. पाण्यात बुडालेली वस्तू किती हलकी होते हे त्याने सांगितले. पाण्याने भरलेल्या हौदाची भिंत किती भार सोसते हा प्रश्न त्याने घेतला नाही. पुढे अठराशे वर्षे तो कोणीच घेतला नाही म्हटले तरी चालेल. कालवे खोदले गेले, तलाव बांधले गेले, बंधारे पडले आणि पुन्हा उभे राहिले. पण भिंत किती जाड असावी याचे उत्तर गवंड्याच्या अनुभवात होते, गणितात नव्हते.

हा प्रश्न अखेर ज्या देशात सुटला त्या देशास तो सुटण्याची गरजही सर्वाधिक होती. हॉलंडची बरीचशी भूमी समुद्रसपाटीच्या खाली. तेथील शेतकऱ्याच्या घरापेक्षा त्याच्या गावच्या कालव्याचे पाणी उंच असते. १५७० सालच्या महापुराने तेथील किनाऱ्यावर हाहाकार उडविला होता. आणि १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याने लायडेन शहरास वेढा घातला तेव्हा डच लोकांनी आपल्याच हाताने बांध फोडले, शेतांत पाणी सोडले आणि त्यावरून नावा आणून शहर सोडविले. ज्यांचा शत्रू पाणी आणि ज्यांचे शस्त्रही पाणी, त्यांस पाण्याचा जोर किती हे ठाऊक असणे अगत्याचे होते.

त्या लायडेन शहरात १५८१ च्या सुमारास सिमॉन स्टेव्हिन नावाचा गृहस्थ येऊन राहिला. जन्म ब्रुज शहरी, १५४८ साली. विद्यापीठात नाव घातले तेव्हा त्याचे वय पस्तीस होते. पुढे तो राजपुत्र मॉरिसचा गणिताचा गुरू आणि सैन्याच्या तळांचा व्यवस्थापक झाला. शिडाच्या जोरावर समुद्राच्या वाळूवरून धावणारा एक रथ त्याने केला होता, आणि त्याच्या हयातीत सामान्य लोकांत त्याची कीर्ती मुख्यतः त्या रथामुळेच होती असे दिसते. लोकांस कशाचे कौतुक वाटेल याचा नेम नसतो. १५८५ मध्ये त्याने दशांश अपूर्णांकांवर एक लहानशी पुस्तिका लिहिली. आज आपण पैशांचा हिशोब ज्या रीतीने करतो तिचा युरोपात प्रसार होण्यास ती पुस्तिका कारणीभूत झाली. आणि लगेच १५८६ मध्ये त्याचा 'पाण्याच्या वजनाची मूलतत्त्वे' हा ग्रंथ बाहेर पडला. बुडालेल्या सपाट पृष्ठावर पाण्याचा भार किती, हे मनुष्याने प्रथम मोजले ते या ग्रंथात.

ग्रंथ त्याने डच भाषेत लिहिला. त्या काळी विद्वानाने लॅटिन सोडून दुसऱ्या भाषेत लिहिणे म्हणजे सोवळ्यात भाकरी खाण्यासारखे होते. पण स्टेव्हिनचे मत असे की, शास्त्रास डचइतकी योग्य भाषा दुसरी नाही. त्याच्या पुष्ट्यर्थ त्याने डच भाषेतील एकाक्षरी शब्द मोजून, लॅटिन आणि ग्रीक यांतील तशा शब्दांशी त्यांची तुलनाही करून दाखविली. गणितास डच भाषेत आजही जो शब्द आहे तो त्याच्याच लेखणीने रूढ केला. या अभिमानाची किंमत त्यास मोजावी लागली. १६०५ ते १६०८ या वर्षांत त्याच्या उत्तरकालीन संग्रहाचे लॅटिन भाषांतर निघाले आणि १६३४ मध्ये फ्रेंच भाषांतर निघाले, तोपर्यंत हॉलंडबाहेर त्याचे विचार फार थोड्यांस कळले. मात्र दुसऱ्या बाजूस असेही आहे की, १६०० साली लायडेन येथे सर्व्हेयर आणि तटबंदी बांधणारे यांच्यासाठी डच भाषेतून शिकविणारी जी शाळा निघाली तिचा अभ्यासक्रम त्यानेच आखून दिला होता. पॅरिसच्या पंडितास त्याचे पुस्तक वाचता आले नाही. गावच्या बांधाची देखरेख करणाऱ्यास आले. मराठीतून शास्त्र लिहू पाहणाऱ्यांस या व्यवहारात नफा किती आणि तोटा किती याचा विचार करण्यासारखा आहे. असो.

स्टेव्हिनची युक्ती पाहण्यासारखी आहे. शांत पाण्याच्या मधोमध पाण्याचाच एक ठोकळा आपण मनाने वेगळा काढला, तर तो जागच्या जागी राहिला पाहिजे. तो खाली जाईल असे म्हटले तर त्याच्या जागी येणारे पाणीही त्याच कारणाने खाली जाईल, आणि हौदातले पाणी कोणी न हलविता अखंड फिरत राहील. हे असंभवनीय आहे. आता हौदातील काही पाणी काढून तेथे पाण्याइतक्याच जड अशा एखाद्या घन पदार्थाचा तुकडा बसविला, तर उरलेल्या पाण्यास त्याची वार्ताही लागणार नाही. तळावरचा भार होता तेवढाच राहील. मग असे तुकडे बसवीत बसवीत आपण हौदाचा बहुतेक भाग भरून टाकला आणि तळापासून वरपर्यंत एक अरुंद, वाकडीतिकडी वाट तेवढी पाण्यास ठेवली, तरी तळावरचा भार बदलत नाही. म्हणजे मोठा हौद आणि बारीक नळी यांच्या तळांचे क्षेत्रफळ आणि पाण्याची उंची समान असेल तर भारही समान. आमच्या वर्गातील समुद्राचा आणि फटीचा प्रश्न येथेच निकालात निघतो.

हे झाले आडव्या तळाविषयी. पण भिंत उभी असते आणि तिची अडचण निराळी आहे. तळाच्या प्रत्येक बिंदूवर पाण्याची खोली एकच असते. भिंतीवर ती बोटाबोटाला बदलते. पृष्ठभागाशी भार शून्य, पायथ्याशी सर्वांत जास्त. क्षणोक्षणी बदलणाऱ्या राशीची बेरीज कशी करावी? न्यूटन आणि लाइब्निझ यांनी याच कामाकरिता जे गणित निर्मिले ते जन्मास येण्यास अद्याप जवळजवळ शंभर वर्षे अवकाश होता.

स्टेव्हिनने भिंतीच्या आडव्या पट्ट्या पाडल्या. प्रथम चार. समजा, प्रत्येक पट्टीची उंची एक माप आणि भिंतीची लांबीही एक माप. प्रत्येक पट्टीवर सर्वत्र तिच्या वरच्या कडेइतकीच खोली आहे असे धरले तर भार येतात शून्य, एक, दोन आणि तीन; बेरीज ६. हा खऱ्या भाराहून खचित कमी, कारण पट्टीचा बाकीचा भाग त्याहून खोल आहे. उलट सर्वत्र खालच्या कडेइतकी खोली धरली तर एक, दोन, तीन आणि चार, बेरीज १०. हा खऱ्याहून खचित जास्त. म्हणून खरा भार ६ आणि १० यांच्या दरम्यान कोठे तरी. आता चारांऐवजी दहा पट्ट्या पाडा, म्हणजे ४५ आणि ५५ या मर्यादा येतात; भिंतीएवढ्या तळावर पूर्ण खोलीचे पाणी ठेवले असता जो भार येईल तो या मापाने १०० आहे. हजार पट्ट्या पाडल्या तर दहा लक्षांत ४,९९,५०० आणि ५,००,५००. दोन्ही मर्यादा अर्ध्याकडे सरकत येतात, आणि त्यांच्यामधील अंतर आपण म्हणू त्याहून लहान करता येते. तेव्हा खरा भार अर्ध्याहून कमी असू शकत नाही, जास्तही असू शकत नाही. तो अर्धाच.

मी हा युक्तिवाद प्रथम वाचला तेव्हा पदवीधर होऊन मला काही वर्षे झाली होती आणि तेच उत्तर कलनाच्या साहाय्याने एका ओळीत काढण्याची मला सवय होती. ती एक ओळ लिहिताना आपण काय करीत होतो हे मला त्या दिवशी समजले.

याचा व्यावहारिक अर्थ असा. पाण्याची खोली मीटरात घ्या, तिचा वर्ग करा, निम्मा करा. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर तितके टन भार येतो. दोन मीटर पाण्यास दोन टन. चार मीटर पाण्यास आठ. दहा मीटर पाण्यास पन्नास. खोली दुप्पट झाली की भार चौपट होतो. हाच नियम तिरप्या किंवा पूर्ण बुडालेल्या पृष्ठासही लागू पडतो, मात्र निराळ्या शब्दांत: पृष्ठाच्या गुरुत्वमध्याशी जितका दाब, तितका दाब सर्व पृष्ठावर आहे असे धरून क्षेत्रफळाने गुणावे. कोन कोणताही असो.

पण हा सारा भार एकवटून कोणत्या बिंदूवर लागतो असे विचारले तर उत्तर गुरुत्वमध्य हे नव्हे. खालच्या पट्ट्यांवर भार जास्त म्हणून तो बिंदू खाली सरकतो. पाण्याच्या पातळीपासून तळापर्यंतच्या काटकोनी भिंतीवर तो दोन-तृतीयांश खोलीवर असतो, म्हणजे पायथ्यापासून एक-तृतीयांश उंचीवर. हेही स्टेव्हिनने दाखविले आहे. ही केवळ पुस्तकी बारीकी नव्हे. कालव्याच्या दरवाजास आधाराची एकच आडवी तुळई द्यावयाची असेल आणि ती आपण नेमकी मध्यावर दिली, तर दरवाजाचा खालचा भाग बाहेर ढकलला जाईल. स्टेव्हिन स्वतः पाणचक्क्या आणि कालव्यांचे दरवाजे बांधणारा मनुष्य होता. शहराच्या तटाभोवती पाणी खेळविणाऱ्या फिरत्या दरवाजांवर १६१७ मध्ये त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिले. १६२० मध्ये तो वारला.

त्याच्या सिद्धतेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. तळावरचा दाब खाली लागतो. मग तितक्याच खोलीवर उभ्या पट्टीवर आडवा दाबही तितकाच, हे कशावरून? पाण्याचा दाब एका ठिकाणी सर्व दिशांस सारखा असतो हे तत्त्व ब्लेझ पास्कलने स्पष्टपणे मांडले, आणि त्याचा तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पास्कलने त्यात एक प्रयोग सांगितला आहे: वीस फूट खोल पाण्यात बसून मांडीवर नळीचे तोंड टेकवावे. त्यावर रॉबर्ट बॉइलने १६६६ मध्ये अशी पृच्छा केली की, इतक्या खोल पाण्यात मनुष्याने बसून राहावे कसे, हेही लेखकाने सांगितले असते तर बरे झाले असते. पास्कलने तो प्रयोग बहुधा मनातच केला असावा. पण तत्त्व खरे होते. हे तत्त्व पुढे एका भयंकर प्रसंगी आठवावयाचे आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे: त्याच खोलीवर पाणी खाली दाबते, बाजूस दाबते, आणि तितक्याच जोराने वरही दाबते.

आता गणिताकडून बांधकामाकडे वळू. स्टेव्हिन आपले पुस्तक लिहीत होता त्याच वर्षांत स्पेनमध्ये अलिकान्तेजवळ तिबीचे धरण उभे राहत होते. १५९४ मध्ये ते पुरे झाले. उंची सुमारे पंचेचाळीस मीटर, आणि माथ्यावरची जाडी सुमारे वीस मीटर! माथ्याशी पाण्याचा भार नाममात्र. तेथे वीस मीटर दगडाचे काय काम, असे आजचा इंजिनियर विचारील. बांधणाऱ्यांपाशी सूत्र नव्हते. भय होते, आणि दगड मुबलक होता. ते धरण अद्याप उभे आहे.

त्याच देशात लोर्का शहराच्या वर १७९१ मध्ये पुरे झालेले प्वेन्तेसचे पन्नास मीटर उंचीचे धरण मात्र ३० एप्रिल १८०२ रोजी गेले आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. भिंत प्रचंड होती, पण तिच्या मधल्या भागाखाली खडक न लागल्यामुळे गाळात लाकडी खुंट ठोकून तिला आधार दिला होता. पाण्याने भिंतीस हातही न लावता तिच्या खालून वाट काढली. पाणी बाजूने ढकलते हे सर्वांस ठाऊक होते. ते खालूनही येते, ही पहिली ताकीद होती. तिचा अर्थ लोकांनी इतकाच घेतला की पाया खडकावर असावा.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच इंजिनियरांनी धरण हे पुनः गणिताच्या हवाली केले. द साझिली याने १८५३ मध्ये असा विचार मांडला की भाराच्या प्रमाणात भिंतीची जाडी ठेवावी, म्हणजे कोणताही दगड फुकट जाणार नाही आणि कोणताही चुरडणार नाही. त्या विचारास अनुसरून फ्युराँ नदीवरचे उंच आणि डौलदार धरण १८६६ मध्ये पुरे झाले. ग्लासगोच्या रँकिनने १८७२ मध्ये त्यात एक मौल्यवान नियम घातला: भिंतीचे वजन आणि पाण्याचा रेटा यांचा मिळून होणारा भार पायाच्या मधल्या तृतीयांशात पडला पाहिजे. तो बाहेर गेला तर पाण्याकडच्या कडेस भिंत दाबली न जाता ताणली जाते, आणि दगड-चुन्याचे काम ताण सोसत नाही. तेथे भेग पडते.

याच दशकात फ्रान्सच्या पूर्व भागात, व्होज प्रांतात एपिनालजवळ, बूझे येथे एक धरण बांधले जात होते. कालव्यास पाणी पुरविण्याचा त्याचा हेतू. लांबी पाचशे मीटरांहून अधिक, उंची सुमारे बावीस मीटर. प्वेन्तेसच्या मानाने ते बुटकेच. हिशोब त्या वेळच्या पद्धतीने केलेला होता: पाण्याचा आडवा रेटा इतका, भिंतीचे वजन इतके, भिंत उलथत नाही. १८८१ च्या सुमारास त्यात पाणी घेतले. १४ मार्च १८८४ रोजी भिंतीचा सुमारे १३५ मीटर लांबीचा तुकडा प्रवाहाच्या दिशेने हातभर पुढे सरकला. सरकला आणि थांबला. भेगा दिसल्या, गळती वाढली. पुढे १८८८-८९ मध्ये तलाव रिकामा करून दुरुस्ती झाली. पायथ्याशी भक्कम आधार बांधला गेला, भिंतीचा खालचा भाग जाड झाला. वरचा होता तसाच राहिला. पुन्हा पाणी भरले. २७ एप्रिल १८९५ रोजी पहाटे, नव्या आधाराच्या वरचा भाग, खोलीच्या दहा मीटरांवर, १७० मीटरांहून अधिक लांबीपर्यंत एकदम मोडून पडला. सत्तर लक्ष घनमीटर पाणी खोऱ्यात उतरले.

चूक कोठे होती? हिशोब करून पाहू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. ते बूझेच्या भिंतीचे नव्हेत. दहा मीटर उंच आणि सहा मीटर जाड अशी एक काटकोनी भिंत घ्या. दगडकाम पाण्याच्या दुप्पट जड. मीटर लांबीस भिंतीचे वजन १२० टन. ते मध्यातून, म्हणजे खालच्या अंगाच्या कडेपासून तीन मीटरांवर लागते. तेव्हा भिंतीस उभे ठेवणारा जोर, वजन गुणिले अंतर, ३६०. पाण्याचा रेटा ५० टन, पायथ्यापासून एक-तृतीयांश उंचीवर. उलथविणारा जोर सुमारे १६७. ३६० विरुद्ध १६७. दुपटीहून अधिक निर्धास्ती आहे, इंजिनियराने निवांत झोपावे.

पण रँकिनचा नियम लावला तर असे दिसते की दोहोंचा मिळून भार मधल्या तृतीयांशाच्या बाहेर पडतो. पाण्याकडच्या कडेस ताण आहे. समजा, तेथे एक आडवी भेग पडली. केसाएवढी. तीत पाणी शिरले. ते किती? लांबीच्या मीटरामागे फार तर एखादी ओंजळ. एवढ्याशा पाण्याने काय होणार?

वाचकांच्या ध्यानात आले असेल की हा आमचा समुद्राचा आणि फटीचाच प्रश्न आहे. भेगेतल्या पाण्याची जाडी कागदाएवढी असो की हातभर असो, ते तलावाशी जोडलेले आहे, त्याची खोली दहा मीटर आहे, आणि पास्कलच्या तत्त्वाने ते वरच्या दगडास दर चौरस मीटरास दहा टनांनी वर उचलीत आहे. भेग आरपार गेली आणि तिच्यात सर्वत्र पूर्ण दाब राहिला असे धरले, तर वर उचलणारा भार ६० टन. भिंतीचे निम्मे वजन नाहीसे झाले. उलथविणाऱ्या जोरात १८० ची भर पडून तो झाला ३४७. त्याच्या विरुद्ध ३६०. दुपटीची निर्धास्ती गेली आणि हातात केसभर उरली. घसरण्याविरुद्धची तर तीही उरत नाही, कारण घर्षण वजनावर अवलंबून आणि वजन अर्धे झालेले. भेगेत दाब आरपार पूर्ण राहत नाही, तो पुढे पुढे कमी होत जातो, हे खरे. तरी धोका कोणत्या जातीचा आहे हे यावरून कळते. शिवाय भेग जसजशी वाढते तसतसा वर उचलणारा भार वाढतो, आणि तो वाढला की भेग आणखी वाढते.

म्हणजे गणित चुकले नव्हते. सपाट पृष्ठावरील भार काढण्याची रीत १५८६ पासून ठाऊक होती आणि बूझेच्या इंजिनियरांनी ती बिनचूक वापरली होती. त्यांनी एक पृष्ठ मोजले, उभे. दुसरे पृष्ठ, भिंतीच्या पोटातील आडवे, ते पृष्ठ आहे हेच त्यांच्या ध्यानात आले नाही. नकाशात भिंत अखंड काढलेली असते. नकाशाच्या भिंतीस भेग नसते. मला स्वतःस असे वाटते की १८८४ मध्ये भिंत सरकली तेव्हा तरी हा प्रश्न विचारावयास हवा होता. ढकलणारा रेटा बदलला नव्हता. मग धरून ठेवणारे वजन कोठे गेले? दुरुस्ती करणाऱ्यांनी पायथ्यास आधार दिला, म्हणजे पुनः त्याच उभ्या पृष्ठाचा विचार केला. आणि हे त्या काळी कोणासच सुचले नव्हते असेही म्हणता येत नाही. वेल्समध्ये लिव्हरपूल शहरासाठी व्हर्न्वी नदीवर जे धरण याच सुमारास बांधले जात होते, त्याच्या पायात झिरपणारे पाणी काढून देण्यासाठी मुद्दाम मार्ग ठेवले होते.

बूझेच्या अपघातानंतर त्याच वर्षी मोरीस लेव्ही याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे नियम मांडला: धरणाच्या पाण्याकडच्या अंगास कोणत्याही खोलीवर दगडांत जो दाब असेल तो त्या खोलीच्या पाण्याच्या दाबाहून कमी नसावा. तसे असले तर पाणी भेग उघडूच शकणार नाही. नियम सोपा आहे आणि कडक आहे. त्याने भिंती जाड होतात आणि खर्च वाढतो, म्हणून पुढेही कित्येक वर्षे त्याची टाळाटाळ चालली. आपल्याकडे ग्वाल्हेर संस्थानात शिंद्यांच्या राजवटीत बांधलेले तिग्रा येथील दगडी धरण १९ ऑगस्ट १९१७ रोजी फुटले. तेथे खाली वालुकाश्माचे थर होते आणि पाणी पायात शिरले होते.

बूझेच्याच दशकात आपल्या पुण्याजवळ मुठेवर खडकवासल्याचे धरण बांधले जात होते. कॅप्टन फाइफ यांच्या देखरेखीखाली १८६९ मध्ये आरंभ झाला आणि १८७९ मध्ये ते पुरे झाले. पुढे पुण्यास पाणी अधिक हवे झाले. भिंत उंच करावी, तर काय होते ते पाहा: खोली शंभरास आठ या मानाने वाढविली तर रेटा शंभरास सोळाहून अधिक वाढतो आणि उलथविणारा जोर शंभरास सव्वीस, कारण एक खोलीच्या वर्गाने वाढतो, दुसरा घनाने. पुण्याच्याच विज्ञान महाविद्यालयाचे पदवीधर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी भिंतीस हात न लावता सांडव्यावर आपोआप उघडणारी दारे बसविण्याची योजना केली. १९०३ च्या सुमारास ती बसली आणि साठा आठ फुटांनी उंचावला. पूर ठराविक पातळीच्या वर गेला की दारे स्वतः उघडत, ओसरला की मिटत. हे वाटते तितके सोपे नाही. अडीच मीटर उंच आणि तीन मीटर रुंद दारावर काठोकाठ पाण्याचा रेटा नऊ टनांहून अधिक येतो. तेवढ्या जोराने खाचेत दाबून धरलेले दार माणसावाचून हलले पाहिजे आणि तेही नेमक्या क्षणी.

त्या धरणाचा शेवट पुण्यातील जुन्या घरांत अजून सांगितला जातो. १२ जुलै १९६१ रोजी वरचे पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्याचे सर्व पाणी खडकवासल्याच्या भिंतीवर येऊन आदळले. भिंतीच्या माथ्यावरून कित्येक फूट उंचीचा लोंढा वाहू लागला. जी पातळी फाइफ यांच्या कागदावर कधीच नव्हती त्या पातळीचे पाणी ती दगडी भिंत काही तास सोशीत उभी राहिली, आणि मग फुटली. त्या काही तासांत पुण्याच्या नदीकाठची कित्येक माणसे उंच जागी पोचली. घनाच्या नियमाने वाढणाऱ्या जोरापुढे ऐंशी वर्षांपूर्वीच्या दगड-चुन्याने एवढा तरी वेळ काढला.

आज मोठ्या दगडी किंवा काँक्रिटच्या धरणाच्या पोटात, पाण्याकडच्या अंगास, एक लांब अरुंद बोगदा ठेवलेला असतो. इंजिनियर त्यास गॅलरी म्हणतात. तिच्या तळातून खडकात खोल भोके पाडलेली असतात. पायाखाली शिरलेले पाणी भिंतीस वर उचलण्यापूर्वी त्या भोकांतून गॅलरीत येते. आत हवा थंड आणि दमट, भिंती ओल्या, कडेच्या नालीत पाण्याचा बारीक ओघ. नालीच्या तोंडाशी खाच पाडलेला एक पत्रा असतो. त्या खाचेतून पाणी किती उंचीने वाहते ते एक कारकून रोज येऊन पट्टीने मोजतो आणि वहीत लिहितो.